रजिस्टरमध्ये दर महिन्याला 'जखमेचा संसर्ग : ०'. खरी मोजणी सुरू कशी करायची?

तालुका_सिस्टर

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. नुकताच इन्फेक्शन कंट्रोलचा चार्ज माझ्याकडे आला. जुनं रजिस्टर उघडलं तर ऑपरेशनच्या जखमेच्या संसर्गापुढे प्रत्येक महिन्याला शून्य. आणि ड्रेसिंगच्या खोलीत ड्युटी लागली की सिझर होऊन घरी गेलेल्या बायका टाक्यांतून पू येतोय म्हणून परत आलेल्या मी स्वतः बघते. त्यांची नोंद ड्रेसिंगच्या वहीत होते, तिथून पुढे कुठेच जात नाही.

आमच्याकडे कल्चरची (पू-लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची) सोय नाही. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असते. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी दुपारीच तळाला जातं. एवढ्यात मोजणी बसवायची कशी? आणि सहकारी म्हणतात, खरे आकडे लिहिलेस तर मेमो तुझ्याच नावाने निघेल. या भीतीचं काय करायचं तेही सांगा.

निवृत्त_इनचार्ज (सोलापूर)

सिस्टर, सगळं एकदम मोजायला घेऊ नका. पहिले काही महिने फक्त सिझर धरा. किती झाली हा आकडा ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) रजिस्टरमध्ये आधीच लिहिलेला असतो, म्हणजे संसर्गाचा दर काढताना भागाकारातला खालचा आकडा आयता मिळतो. वरचा तेवढा तुम्हाला शोधायचा आहे.

तो सापडत नाही याचं कारण साधं आहे. सिझरच्या जखमेचा संसर्ग ऑपरेशनपासून ३० दिवसांपर्यंत धरायचा असतो, आणि बाई आठवड्याच्या आतच घरी जाते. पू बहुतेक वेळा त्यानंतर येतो. वॉर्डात बसून मोजलं तर काहीच हाताला लागत नाही, मग रकान्यात शून्य पडतं. शून्य लिहिणारी सिस्टर खोटं बोलत नसते. तिला दिसलंच नाही, कारण बघायची जागाच चुकीची होती. म्हणून ज्या महिन्यात घरी गेलेल्या बायकांची चौकशी झाली नाही त्या महिन्यापुढे '०' लिहू नका. 'पाठपुरावा झाला नाही' असं लिहा. हे दोन्ही एकच समजणं हा माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा आहे, आणि तो रुग्णांच्या जिवावर बेततो.

कल्चर नाही म्हणून अडू नका. वरवरच्या जखमेच्या संसर्गासाठी चिरेतून पू येणं एवढंही पुरेसं आहे, किंवा डॉक्टरांनी तपासून संसर्ग आहे असं केसपेपरवर लिहिणं. एक मात्र सांभाळा. नुसत्या टाक्याच्या भोकाशी थेंबभर पू, बाकी जखम कोरडी आणि नीट, हे धरायचं नाही. व्याख्या कागदावर लिहून ड्रेसिंगच्या खोलीत भिंतीला चिकटवा. नाहीतर सकाळची सिस्टर एक मोजेल आणि दुपारची दुसरंच.

समजा महिन्यात ४० सिझर झाली, त्यातल्या ३६ जणींची ३० दिवस चौकशी पूर्ण झाली आणि तिघींना संसर्ग निघाला. तर ४० पैकी ३ म्हणजे ७.५ टक्के असं लिहा, आणि शेजारी '३६ जणींचा पाठपुरावा' हेही लिहा. दुसरा आकडा नसेल तर पहिल्याला किंमत नाही.

मेमोची भीती खरी आहे, मी ती पाहिली आहे. त्यावर माझा उपाय असा. रजिस्टरमध्ये सर्जनचं किंवा सिस्टरचं नाव घालू नका, केसचा नोंदणी क्रमांक पुरे. दर महिन्याला आकडा संसर्ग नियंत्रण समितीसमोर ठेवा आणि मिनिट्समध्ये (बैठकीच्या इतिवृत्तात) घ्या. एकदा तो समितीचा झाला की तुमच्या एकटीचा राहत नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने संसर्ग नियंत्रणाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात रुग्णालयातल्या संसर्गावर लक्ष ठेवणं हा कामाचाच भाग धरलाय. प्रत हाताशी ठेवा. कुणी म्हणालं 'हे कुणी सांगितलं', तर पुढे करा.

वरिष्ठांना पटवायचं तर अमेरिकेतला १९७० च्या दशकातला 'सेनिक' अभ्यास सांगा. ज्या रुग्णालयांत नीट मोजणी होती, प्रत्येक २५० खाटांमागे एक संसर्ग नियंत्रण नर्स होती, तज्ज्ञ डॉक्टर होते आणि सर्जनला त्याच्या जखमांचे आकडे परत कळवले जात होते, तिथे संसर्ग साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. आकडे परत कळवणं हा त्यातला माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपल्याकडे आकडा वर जातो, खाली ओटीत कधी येत नाही.

आता ड्रेसिंगची ट्रॉली. उद्या जाऊन एवढं बघा. चिटल फोर्सेप (निर्जंतुक सामान उचलायचा लांब चिमटा) ज्या बरणीत उभा असतो त्यातलं सॅव्हलॉन कधी बदललं? बरणी रिकामी करून, धुऊन, ऑटोक्लेव्ह केली (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केली) की वरून भर टाकली? अशा द्रावणात काही जंतू मरत नाहीत, उलट वाढतात, स्यूडोमोनास त्यातलाच. फोर्सेप त्यातून काढून आपण निर्जंतुक गॉज उचलतो, आणि तो गॉज उघड्या जखमेवर जातो. कोरडी, ऑटोक्लेव्ह केलेली बरणी आणि कोरडा फोर्सेप ठेवा, ठरल्या वेळी बदला, बदलल्याची वेळ चिकटपट्टीवर लिहा. दुसरं, सलाईनची बाटली. बुचात सुई तशीच टोचून ठेवलेली आणि दिवसभर त्यातूनच काढून जखमा धुतात, हे कुठे दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा. याला पैसे लागत नाहीत, इनचार्जचा आवाज लागतो.

पाण्याचं म्हणाल तर आपल्या सोलापूरला ते नवीन नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणं अंगवळणी पडलंय. बादली आणि मग्गा मात्र हात धुण्यासाठी नको. एकाने बुडवलेला हात सगळ्यांना पोचतो. तोटीची टाकी स्टुलावर ठेवा, खाली बादली. आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हँडरबची (पाण्याशिवाय हातावर चोळायच्या द्रावणाची) बाटली. हात डोळ्यांना मळलेले दिसत नसतील तर तळवाभर हँडरब घेऊन २० ते ३० सेकंद, सुकेपर्यंत चोळायचं. रक्त किंवा लघवी लागली असेल तर साबण-पाणीच. टाकीतलं पाणी अशा वेळेसाठी राखा. हँडरब स्पिरिटचं असतं, आपल्या मे महिन्यात त्याचा साठा उन्हाच्या खिडकीत किंवा स्टरिलायझरशेजारी ठेवू नका.

मायक्रो_रेसिडेंट

इनचार्ज सिस्टरनी जवळपास सगळं सांगितलंय. मी लॅबच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो.

ओटीच्या फरशीचे, भिंतीचे स्वॅब (कापसाच्या काडीने पुसून घेतलेले नमुने) दर आठवड्याला पाठवण्यात शक्ती घालवू नका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शनातही असे सरसकट स्वॅब नेमाने घ्यायला सांगितलेलं नाही, उद्रेकाचा संशय असेल तर गोष्ट वेगळी. पाठवायचाच तर रुग्णाचा पू पाठवा. जखम सलाईनने पुसून आतला पू सिरिंजमध्ये ओढला तर उत्तम, स्वॅब हा दुसरा पर्याय. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घ्या. स्वॅब घेतलाच तर ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये (वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात), कोरडा नको, कारण तालुक्याहून सोलापूरला येईपर्यंत आपल्या उन्हात त्याचं काही उरत नाही. डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाशी तुमच्या अधीक्षकांमार्फत आधी बोलून घ्या: नमुने कोणत्या वारी, कुणाच्या हाती, आणि रिपोर्ट परत कसा येणार.

दुसरं, संसर्ग मोजताना शेजारी एक रकाना वाढवा: 'चिरेआधी अँटिबायोटिक, वेळ'. सिझरमध्ये तो डोस चीर देण्याच्या आधीच्या तासाभरात जायला हवा. अनेक ठिकाणी ऑपरेशननंतर पाच-सात दिवस इंजेक्शनं चालतात आणि हा आधीचा एक डोस राहून जातो. नंतरच्या त्या इंजेक्शनांनी जखम वाचत नाही, दाद न देणारे जंतू मात्र वाढतात.

पूर्वभागकर

मी नर्स नाही, डॉक्टर नाही. पॉवरलूमवर कामाला आहे. आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून ती एका दवाखान्यात बरेच दिवस ॲडमिट होती. लघवीची नळी लावली होती. नंतर थंडी वाजून ताप आला, लघवीत संसर्ग झाला म्हणाले. आम्ही नातेवाईक चोवीस तास खाटेजवळ असतो, आमच्याकडून काही चुकतं का? आम्हाला कुणी काही सांगत नाही. समजावून सांगितलं तर आम्ही करू की ओ.

निवृत्त_इनचार्ज (सोलापूर)

दादा, तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. आई आता बऱ्या असतील अशी आशा करते.

नातेवाइकांनी बघायची पहिली गोष्ट म्हणजे पिशवी. रुग्णाला सोनोग्राफीला किंवा एक्स-रेला नेताना पिशवी उचलून स्ट्रेचरवर, रुग्णाच्या पोटावर ठेवतात. उचलली की नळीतली आणि पिशवीतली शिळी लघवी परत मूत्राशयाकडे जाऊ शकते. पिशवी नेहमी कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. पिशवी नळीपासून सोडवायची नाही, रिकामी करायची ती खालच्या तोटीनेच. रोज सकाळच्या राउंडला डॉक्टरांना विचारा, 'साहेब, नळी अजून लागणार आहे का?' नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढत जातो. बऱ्याचदा ती गरज संपल्यावरही राहते, कारण काढा असं म्हणायचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

तालुका_सिस्टर, यातून तुमची दुसरी मोजणी निघते. रोज एका ठरल्या वेळी वॉर्डात किती जणांना नळी आहे ते लिहा. महिन्याची बेरीज म्हणजे नळीचे दिवस. संसर्गाचा दर १००० नळी-दिवसांमागे काढतात, पण त्याला युरिन कल्चर लागतं. ते मिळेपर्यंत निदान 'आज नळीची गरज आहे का : हो / नाही' हे लिहायला लागा. 'नाही' पुढच्या नळ्या निघायला लागल्या तरी पुष्कळ झालं.

गटप्रवर्तक_ताई (मंगळवेढा)

तीस दिवसांच्या पाठपुराव्याबद्दल लिहिते. आमच्या आशाताई नवजात बाळासाठी घरी जातातच. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट असते, सिझर असेल तर बाई घरी आल्यावर सातव्या दिवसापासून. बाळाचं वजन, ताप, दूध पिणं बघतात. त्याच भेटीत आईला तीन प्रश्न विचारणं जड नाही: टाक्यांतून पाणी किंवा पू येतो का, ताप येतो का, जखम लाल किंवा उघडी झालीय का. १४ आणि २८ व्या दिवशी विचारलं तर तुमचं काम होईल. फक्त आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत सांगा. आशांवर आधीच कामाचा ढीग आहे, आणखी एक फॉर्म म्हणून आलं तर कुणी भरणार नाही. मला व्हॉट्सॲपवर नोंदणी क्रमांक आणि 'हो' किंवा 'नाही' एवढं आलं तरी मी पुढे कळवू शकते.

अडचण एकच आणि मोठी. बाळंतीण माहेरी जाते. केसपेपरवर पत्ता सासरचा, बाई असते माहेरी. आमच्या भागात ते माहेर निम्म्या वेळा विजयपूरकडे, इंडी तालुक्यात. तिथे आमची आशा पोचत नाही आणि ती बाई तुमच्या 'पाठपुरावा झाला' मध्ये कधीच येत नाही.

तालुका_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. मेट्रन मॅडमशी आज बोलले. पुढच्या महिन्यापासून फक्त सिझर, व्याख्येचा कागद लावला, चिटलची बरणी कोरडी केली. डिस्चार्ज कार्डावर 'इथून कुठे जाणार' आणि तिथला फोन असा रकाना शिक्क्याने टाकतोय. ज्या कर्नाटकात जातील त्यांना १४ व्या आणि २८ व्या दिवशी मीच फोन करेन. आमच्या एका मावशींना कानडी येतं, त्या शेजारी बसतील म्हणाल्या.

निवृत्त_इनचार्ज (सोलापूर)

फोन नंबर नवऱ्याचा घेऊ नका, तो कामावर असतो आणि त्याला जखमेचं काही माहीत नसतं. बाईच्या आईचा किंवा भावजयीचा घ्या. आणि फोनवर 'सगळं ठीक ना?' असं विचारू नका, त्याला उत्तर 'हो'च येतं. 'परकरावर, साडीवर डाग लागतो का?' असं विचारा.