पाचवीतल्या भाच्याला विज्ञानकथा : वय पाहायचं ते कशासाठी?

आत्या, इंदूर

माझा भाचा दहा वर्षांचा आहे. घरात सगळ्यांचं म्हणणं, विज्ञानकथा त्याला अजून झेपणार नाहीत, आठवीनंतर बघू. मला हे अजिबात पटत नाही. वय पाहावं ते भीतीसाठी, अवघडपणासाठी नाही. न कळलेलं वाक्य मूल ओलांडून पुढे जातं. रात्री डोळ्यांसमोर येणारं चित्र त्याला ओलांडता येत नाही. म्हणून माणसांवरचे क्रूर प्रयोग, जगाचा संहार, असल्या कथा मी बाजूला ठेवते.

नारळीकरांनी १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेली 'कृष्णविवर' मी त्याला वाचून दाखवली. तो मराठी बोलतो भरभर, वाचतो अडखळत, म्हणून मोठ्याने वाचणं आलंच. कृष्णविवराजवळ, म्हणजे जिथून प्रकाशही सुटत नाही अशा जागेजवळ, काळ संथ होतो हे ऐकल्यावर त्याने विचारलं, "घड्याळ बिघडतं की काळच?" हा प्रश्न आठवीपर्यंत थांबवून ठेवायचा?

सोबत हाताला काम हवं. जेल रोडवरून ब्रेडबोर्ड, एलईडी, रेझिस्टर आणि बॅटरी आणली. सोल्डरिंग, म्हणजे तापलेल्या सळीने तारा डाकणं, इतक्यात नाही; त्या सळीच्या टोकाचं तापमान तीनशे अंशांच्या वर जातं. ब्रेडबोर्डवर तारा नुसत्या खोचायच्या असतात. तुमचं मत सांगा.

एक बाबा, वडोदरा

असहमत. अवघड-सोपं हा मुद्दाच नाही. मूल हे मागतंय का, ते आधी सांगा. माझ्या मुलीला तिच्या मामाने मोठ्या हौसेने दुर्बीण आणली. हौस मामाची. मुलगी दिवसभर नाचाच्या तालमीत रमलेली असते. दुर्बीण कपाटावर आहे, आणि मामा आला की विचारतो, "शनीची कडी पाहिलीस का?" ती मान डोलावते. तिने पाहिलेली नाही हे मला माहीत आहे. मोठ्यांचं मन राखायला मूल खोटं बोलायला लागलं, तर त्या छंदाने काय दिलं?

विज्ञान शिक्षिका, ग्वाल्हेर

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. आठवीत मुलं येतात ती विज्ञानपटांतून उचललेल्या पक्क्या समजुती घेऊन. अंतराळात स्फोटाचा आवाज येतो. अंतराळवीर तरंगतात कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. जमिनीपासून ४०० किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकातही गुरुत्वाकर्षण इथल्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्र पृथ्वीभोवती सतत पडत असतात, म्हणून ती तरंगतात. ही एक समजूत काढून टाकणं नवं शिकवण्याहून कठीण जातं. आधी निरीक्षण, प्रयोग, मोजमाप. गोष्टी नंतर.

आत्या, इंदूर

बाई, चुकीचं विज्ञान असलेली गोष्ट मला उलट हवीच असते. ज्यूल व्हर्नच्या १८६५ च्या कादंबरीत तीन माणसांना ९०० फूट लांबीच्या तोफेतून चंद्राकडे डागतात. (भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, त्याचे उपकार किती मानावेत!) ही गोष्ट सांगून मी गणित मांडलं. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११ किलोमीटरच्या वर वेग लागतो. तो ९०० फुटांत गाठायचा, तर माणसाला स्वतःच्या वजनाच्या वीस हजारपटींहून जास्त जोर सोसावा लागेल. भाचा तीस किलोचा. म्हणजे त्या क्षणी तो सहाशे टनांच्या वर! "मग ते सगळे चपटे झाले असणार," तो म्हणाला, आणि अग्निबाण हळूहळू वेग का घेतो हे त्यानेच मला समजावलं. गोष्ट नसती तर हे गणित त्याने कशाला ऐकलं असतं?

आणि आपल्याच शहरात इंडस-२ आहे, इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने गोल फिरवणारं यंत्र. १७२ मीटर घेराच्या कड्यातून इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतात. हे ऐकल्यावर त्याला पुन्हा गोष्टच हवी होती.

वडोदऱ्याच्या बाबांचं म्हणणं मात्र मनाला लागलं. मी देते, मग विचारत नाही. 'आवडलं का?' हेसुद्धा नाही.

एक आई, इंदूर

ताई, भीती कुठे असते ते तुम्ही ठरवू शकत नाही. माझ्या मुलीला राक्षस, परग्रहवासी, कशाचीच भीती वाटली नाही. सूर्य सुमारे पाच अब्ज वर्षांनी विझणार, हे एका शैक्षणिक पुस्तकात वाचून ती रडली. पुस्तक सचित्र, रंगीत, लहान मुलांसाठीच काढलेलं. तुमची कृष्णविवराची गोष्ट ऐकून एखादं मूल विचारेल, 'बाबा तिकडे गेले आणि परत आले तोवर मी म्हातारी झाले तर?' वाचून दाखवणारी आत्या रविवारी संध्याकाळी घरी जाते. रात्री अडीचला उठून बसलेल्या मुलीजवळ आई असते. वाचायचं तर दुपारी, आणि आईला आधी सांगून.

आत्या, इंदूर

दुपारी वाचणं, आईला सांगणं, दोन्ही मान्य. आता वहिनीलाही वाचनाला बसवते. पण कल्पनांची भीती वाटेल म्हणून कल्पनाच द्यायची नाही, हे नाही मान्य. तुमच्या मुलीच्या रडण्यात सूर्याबद्दलची माया आहे. ती मला घालवायची नाही, तिच्याशी त्यावर बोलायचंय.

बाईंना मोजमाप हवं ना? जूनच्या ७ तारखेच्या आसपास इंदुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास, कारण आपण भारताच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहोत. खर्च शून्य.

एक बाबा, वडोदरा

हे आवडलं. आमच्याकडेही होतं, थोडं आधी. मुलीला सांगून बघतो. नको म्हणाली तर विषय सोडून देईन.

विज्ञान शिक्षिका, ग्वाल्हेर

आमच्याकडे कधीच होत नाही. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, २६.२ अंशांवर. पण म्हणूनच एक करता येईल. तुमच्याकडे सावली शून्य होईल त्या दिवशी इथल्या मध्यान्हाला मीटरभर काठीची सावली सहा सेंटीमीटरच्या आसपास पडेल. म्हणजे सूर्यकिरण काठीशी साडेतीन अंशांचा कोन करतील. दोन्ही शहरांमधलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३९० किलोमीटर. साडेतीन अंशांना एवढं अंतर, तर पूर्ण ३६० अंशांना किती, यावरून पृथ्वीचा घेर काढता येतो, आणि तो चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ यायला हवा. माझी मुलं इथे मोजतील, भाच्याला तिथे मोजू द्या. काठी ओळंब्याने सरळ उभी करा, सगळी चूक तिथेच होते.

तोफेची गोष्ट मात्र घेर काढून झाल्यावर सांगा. त्या बाबतीत माझं मत अजूनही तेच आहे.