क्रूझचा कॅप्टन कसा असावा? तुमची अपेक्षा काय असते?

समुद्रवेडी_पुणे

नमस्कार मंडळी, येत्या मे महिन्यात आईबाबांना घेऊन भूमध्य समुद्रातली क्रूझ करायचं चाललंय, बार्सिलोनाहून निघून मार्से, जेनोवा, नेपल्स असं काहीसं. जहाज कुठलं घ्यायचं म्हणून रिव्ह्यू वाचत बसलेय तर निम्मे लोक कॅप्टनबद्दल लिहितात, म्हणजे कॅप्टन खूप फ्रेंडली होता, पार्टीत सगळ्यांसोबत फोटो काढले, घोषणा करताना जोक मारायचा वगैरे. हे वाचून प्रश्न पडला की आपण कॅप्टनकडून नेमकं काय मागतोय.

विचारायचं कारण सांगते. मागे मी आणि नवरा ग्रीसच्या क्रूझला गेलो होतो (कंपनीचं नाव लिहीत नाही). सँटोरिनीचा दिवस होता, त्याच्यासाठीच तर ती क्रूझ घेतलेली. सकाळी डेकवर आलो तर बेट समोर दिसतंय आणि जहाज काही थांबत नाहीये, हळूहळू बेट मागे जायला लागलं, लोक एकमेकांना विचारतायत, रिसेप्शनवर ही रांग, तिथल्या मुलींनाही काही माहीत नाही. बऱ्याच वेळाने स्पीकरवर क्रूझ डायरेक्टर (करमणुकीचे कार्यक्रम बघणारा) म्हणाला की हवामानामुळे आजचा थांबा रद्द, आणि त्याच दमात बिंगो किती वाजता आहे ते सांगितलं. बस. कॅप्टनचा आवाज दिवसभर नाही. बाहेर लख्ख ऊन होतं त्यामुळे कोणाचाच विश्वास बसेना, कोणी म्हणे इंजिन बिघडलंय, कोणी म्हणे पोर्टचे पैसे वाचवतायत. आणि गंमत बघा, त्या कॅप्टनला आधीच्या संध्याकाळी आम्ही भेटलो होतो, अगदी हसतमुख माणूस, शेकहँड, फोटो, सगळं झालेलं.

बाबांना पाण्याची आधीच थोडी भीती आहे आणि असं काही झालं तर ते रात्रभर झोपणार नाहीत. म्हणून विचारतेय, ज्यांनी क्रूझ केल्यात किंवा जहाजावर काम केलंय त्यांनी सांगा, कॅप्टनने किती बोलावं, काय बोलावं, आणि त्याचा स्वभाव खरंच महत्त्वाचा असतो का?

निवृत्त_दर्यावर्दी

ताई, माझं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं, क्रूझवर नोकरी केली नाही पण प्रवासी म्हणून बायकोसोबत गेलोय. आधी सँटोरिनीचं सांगतो म्हणजे मनातली शंका जाईल. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, ज्वालामुखीच्या विवरात पाणी इतकं खोल आहे की बहुतेक ठिकाणी नांगरसुद्धा टाकता येत नाही, जहाज इंजिनावर जागेला धरून ठेवायचं आणि प्रवाशांना छोट्या बोटीतून किनाऱ्यावर न्यायचं. उन्हाळ्यात तिकडे उत्तरेचा वारा सुटतो, आकाश निरभ्र, ऊन कडक आणि वारा मात्र जोरात. मोठ्या जहाजावर तुम्हाला काही जाणवत नाही पण जहाजाच्या दारातून हलत्या बोटीत पाय टाकणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाचा पाय अडकू शकतो. तेव्हा त्या कॅप्टनचा निर्णय बहुतेक बरोबरच असणार. सुरक्षेच्या बाबतीत शेवटचा शब्द कॅप्टनचाच, हे आंतरराष्ट्रीय आयएसएम कोडमध्येच (जहाजं सुरक्षित चालवण्याचे नियम) लिहिलेलं आहे, कंपनीच्या ऑफिसलाही त्याच्यावर दबाव आणता येत नाही.

पण आत्ता मी जे चार ओळीत सांगितलं ते त्याने स्वतः माइक घेऊन सांगायला काय हरकत होती? दोन मिनिटं लागतात. माझ्या मते कॅप्टनच्या घोषणेत तीन गोष्टी पाहिजेत, काय झालंय, आम्ही काय करतोय, आणि मी पुन्हा कधी बोलणार. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि तीच सगळ्यात जास्त धीर देते. अर्ध्या तासाने परत सांगतो असं म्हटलं की माणूस अर्धा तास थांबतो, आणि अर्ध्या तासाने नवीन सांगण्यासारखं काही नसलं तरी माइकवर यायचंच, यायचं म्हणजे यायचं.

२३ मार्च २०१९ ची वायकिंग स्कायची घटना बघा. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ हुस्टाडव्हिका नावाचा खडकाळ पट्टा आहे, भर वादळात तिथे जहाजाची इंजिनं बंद पडली, टाक्यांमध्ये वंगणाचं तेल कमी होतं आणि जहाज इतकं हलत होतं की तेलाचा दाब गेला. जहाजावर १३७३ माणसं, खडक जवळ येतायत. नांगर टाकले, इंजिन कसंबसं चालू केलं आणि हेलिकॉप्टरने एकेक करून ४७९ लोकांना उचललं, रात्रभर ते काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी जहाज मोल्डे बंदरात पोचलं, एकही माणूस गेला नाही. आता विचार करा, लाइफ जॅकेट घालून हॉलमध्ये बसलेल्या शेकडो म्हाताऱ्या लोकांना तेव्हा हसरा कॅप्टन हवा असेल का? त्यांना हवा असतो तो न थरथरता बोलणारा आवाज.

वास्कोकर

मी क्रूझवर डायनिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत, आता घरी आहे. आमच्या गोव्यात दर दुसऱ्या घरात कोणीतरी बोटीवर असतोच, ब्रिटिशांच्या काळापासून पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर गोव्याचे स्टुअर्ड असायचे, त्यामुळे कॅप्टन हा विषय आमच्याकडे जेवताना निघतो.

दर्याबाब बोलले ते पटलं पण एक बाजू राहिली. कॅप्टन पॅसेंजरशी कसा बोलतो ते सगळे बघतात, तो क्रूशी कसा बोलतो ते कोणी बघत नाही. पॅसेंजर घाबरला की पहिल्यांदा कोणाकडे बघतो? समोरच्या वेटरकडे, केबिन साफ करणाऱ्या पोराकडे. त्या पोराला ब्रिजवरून (जहाज चालवतात त्या खोलीतून) काही कळलेलं नसेल तर तो तरी काय सांगणार, तुमच्या रिसेप्शनवरच्या मुलींचं तेच झालं. चांगला कॅप्टन आधी आपल्या डिपार्टमेंट हेडना सांगतो, ते खाली पोचतं, आणि मग माइकवर बोलतो. मी ज्यांच्याखाली काम केलं त्यातले काही कॅप्टन क्रू मेसमध्ये येऊन आमच्यासोबत जेवायचे, नावं माहीत असायची त्यांना. अशा जहाजावर ड्रिलला (संकटात काय करायचं त्याच्या सरावाला) कोणी टंगळमंगळ करत नाही.

कोस्टा कॉन्कॉर्डियाचं तर सगळ्यांना माहीत आहे, १३ जानेवारी २०१२, इटलीचं जिल्यो बेट. कॅप्टन स्केत्तिनो जहाज बेटाच्या फार जवळून नेत होता, रात्री पावणेदहाच्या सुमाराला खडकाला घासलं. जहाजावर ४२२९ माणसं. आणि पॅसेंजरना सांगितलं काय, तर लाइट गेलेत, जनरेटरचा प्रॉब्लेम आहे, घाबरू नका. खाली पाणी भरतंय आणि वर स्पीकर सांगतोय की केबिनमध्ये जा. जहाज सोडायचा हुकूम यायला तासाच्या वर गेला, तोपर्यंत जहाज इतकं कललं की एका बाजूच्या लाइफबोटी धड खाली जाईनात. ३२ जण गेले. त्यात आपल्या मुंबईकडचा एक वेटर होता, शेवटपर्यंत लोकांना मदत करत होता असं वाचलेल्यांनी सांगितलं, त्याचे अवशेष सापडायला नोव्हेंबर २०१४ उजाडला, सगळ्यात शेवटी सापडला तो. कॅप्टन मात्र लोक आत अडकलेले असताना लाइफबोटीतून बाहेर. पुढे १६ वर्षांची शिक्षा झाली त्याला. हे लिहिताना अजून राग येतो, कारण आम्ही तेच काम करत होतो, त्याच युनिफॉर्ममध्ये.

त्या दिवशी सिव्हितावेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो लोकांचा ड्रिल झालाच नव्हता, नियमाप्रमाणे चोवीस तासात केला तरी चालत होता तेव्हा. नंतर नियम बदलला, १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर ड्रिल झालाच पाहिजे.

ठाण्याची_मावशी

वरच्या दोघांचं वाचून अंगावर काटा आला. तरी मला थोडं वेगळं म्हणायचंय, स्वभावाला इतकं कमी लेखू नका. संकटात कॅप्टनच्या आवाजावर विश्वास बसतो तो आदल्या दिवसांत तो आवाज ओळखीचा झालेला असतो म्हणून. रोज दुपारी बारा वाजता जो कॅप्टन सांगतो की आपण अमुक ठिकाणी आहोत, खाली पाणी इतकं खोल आहे, उद्या थोडं हलेल, डाव्या बाजूला बघा स्ट्राँबोली ज्वालामुखी दिसेल, त्याच्याशी नातं जुळतं हो. मी तर त्या घोषणेची वाट बघायचे.

डायमंड प्रिन्सेस आठवतं का, फेब्रुवारी २०२०, कोरोनामुळे जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेलं जहाज? ३७११ माणसं जहाजावर, आपले बरेच भारतीय क्रू पण होते, बाहेर कोणाला जाता येत नाही, रोज बाधितांचा आकडा वाढतोय, शेवटी सातशेच्या वर गेला. कॅप्टन होते जेनारो आर्मा, इटलीचेच. ते रोज स्पीकरवर बोलायचे, जे असेल ते सांगायचे, आणि बोलण्यात माया असायची, दबावाखालीच कोळशाचा हिरा होतो असं काहीतरी जहाजाच्या नावावरून म्हणाले होते. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवसचे दिवस बसलेल्या माणसाला त्या आवाजाचा केवढा आधार वाटला असेल. १ मार्चला सगळ्यांच्या शेवटी ते एकटे बॅग ओढत जहाजावरून उतरले, तो फोटो मी जपून ठेवलाय. देश तोच, हुद्दा तोच, आणि आठ वर्षांत दोन टोकाची माणसं बघितली जगाने. म्हणून म्हणते की माया आणि खरं बोलणं हे एकाच माणसात असू शकतं, दोन्ही मागायला लाजू नका.

समुद्रवेडी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. वास्कोकर, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मावशी, दुपारच्या घोषणेचं अगदी पटलं, आमच्या त्या जहाजावर ती क्रूझ डायरेक्टरच करायचा, कॅप्टन निघताना एकदा बोलला तेवढंच.

अजून एक विचारते, आईबाबांना इंग्रजी कामापुरतं येतं पण इटालियन किंवा ग्रीक माणसाचं इंग्रजी स्पीकरवर त्यांना कळणार नाही, मलाच निम्मं कळत नाही. त्याचं काय करायचं?

प्रवासी_नाशिक

आम्हाला तर कॅप्टन भेटलाच नाही पूर्ण क्रूझमध्ये. जैन जेवणाचा घोळ झाला होता, मी म्हटलं कॅप्टनला बोलवा, नाही आला. एवढे पैसे घेतात तर येऊन दोन शब्द बोलायला पाहिजेत ना.

निवृत्त_दर्यावर्दी

नाशिककर, जेवणाचा त्रास झाला ते वाईटच, पण त्याच्यासाठी हॉटेल डायरेक्टर असतो, हॉटेलची सगळी बाजू तो बघतो. कॅप्टन पहाटे चारला पायलट (बंदराची वाट दाखवणारा माणूस) घेऊन बंदरात शिरला असेल तर दुपारी तो झोपलेलाच बरा, तुमच्या आमच्यासाठीच. पार्टीत न दिसणाऱ्या कॅप्टनला मी कधीच कमी मार्क देणार नाही.

मावशींशी थोडं भांडतो. गोड आवाजाची ओळख होते हे खरं, पण ती ओळख फसवतेही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ओशनोस नावाचं ग्रीक जहाज बुडालं, कॅप्टन बरेच प्रवासी जहाजावर असताना हेलिकॉप्टरने निघून गेला, आणि रेडिओवर मदत मागण्यापासून लोकांना वर पाठवण्यापर्यंतचं काम कोणी केलं तर जहाजावर गाणाऱ्या वाजवणाऱ्या कलाकारांनी. सगळे ५७१ जण वाचले. म्हणजे माणूस कसा आहे हे पार्टीत कळत नाही, त्यामुळे मी निघण्याच्या दिवशीचा ड्रिल बघतो. ड्रिलच्या वेळी कॅप्टन स्वतः बोलतो का, स्पष्ट बोलतो का, की टेप लावून मोकळा होतो. आणि पहिल्या दिवशी पुढच्या हवामानाबद्दल खरं सांगतो का. उद्या रात्री जहाज हलेल, गोळी आधीच घ्या, असं सांगणारा कॅप्टन मला आवडतो. सगळं छान आहे असं रोज म्हणणारा नको.

ठाण्याची_मावशी

दर्याभाऊ, भांडा हो, पण आर्मांचं उदाहरण तुम्हाला खोडता आलेलं नाही 🙂 आणि अजून एक, कॅप्टन म्हणजे पांढऱ्या दाढीचा पुरुष हे चित्र पण डोक्यातून काढायला हवं. केट मॅक्यू २०१५ मध्ये मोठ्या क्रूझ जहाजाच्या पहिल्या अमेरिकन महिला कॅप्टन झाल्या, ८ मार्च २०२० ला त्यांच्या सेलिब्रिटी एज जहाजावर ब्रिजवरच्या सगळ्या अधिकारी बायकाच होत्या. सोशल मीडियावर जहाज कसं वळवतात, पोर्ट का रद्द होतं असलं सगळं त्या साध्या भाषेत समजावतात. हेच तर हवंय ना तुम्हाला?

वास्कोकर

भाषेचं मी सांगतो ताई. तुमच्या रूटवर एमएससी, कोस्टा अशा इटालियन वळणाच्या कंपन्या बऱ्याच आहेत, त्यांच्या महत्त्वाच्या घोषणा इटालियन, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन अशा एकामागून एक होतात. इंग्रजीची पाळी येईपर्यंत लोक कंटाळून गप्पा मारायला लागतात, तेव्हा तुम्ही कान देऊन ऐका आणि आईबाबांना लगेच मराठीत सांगा. दुसरं, रोजच्या घोषणा पुष्कळ जहाजांवर केबिनच्या आत वाजतच नाहीत, फक्त कॉरिडॉरमध्ये आणि डेकवर वाजतात, त्यामुळे आवाज आला की केबिनचं दार उघडायचं. आत स्पीकर वाजला तर मात्र समजायचं की काहीतरी महत्त्वाचं आहे.

बाबांसाठी एकच शिकवून ठेवा, सात छोटे भोंगे आणि मग एक लांब, हा इमर्जन्सीचा सिग्नल, त्याला भाषा लागत नाही. ऐकू आला तर केबिनकार्डावर लिहिलेल्या मस्टर स्टेशनला (संकटात जमायच्या जागी) जायचं, सामान घ्यायला थांबायचं नाही. हल्ली बऱ्याच कंपन्यांनी ड्रिल मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि स्टेशनला जाऊन कार्ड दाखवून असा केलाय, तरी तुम्ही बाबांना घेऊन त्या जागेपर्यंत चालत जा, जिन्याने, लिफ्टने नाही. आणि तिथे उभ्या असलेल्या पोराला विचारा कुठून आलास म्हणून, मुंबई, गोवा, मंगळूर नाहीतर केरळचा कोणीतरी निघेलच. बाबांची त्याच्याशी ओळख करून द्या. कॅप्टन काय म्हणाला ते पुढचे सगळे दिवस तो त्यांना हिंदीत सांगेल.

समुद्रवेडी_पुणे

हे फार कामाचं आहे. बाबांना आत्ताच भोंग्याचं सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलंय आणि आता विचारतायत की छोटा भोंगा म्हणजे किती सेकंदांचा. कोणाला माहीत असेल तर सांगा.

निवृत्त_दर्यावर्दी

छोटा साधारण एक सेकंद, लांब चार ते सहा सेकंद. बाबांना म्हणावं, मोजत बसू नका, चालायला लागा.