मदत हवी आहे : विद्यार्थ्यांची वाचनप्रगती मोजायची कशी?

शब्दवेल : सत्र संपत आले असून मुलांच्या वाचनात किती प्रगती झाली, हे मला याच आठवड्यात आकड्यांत दाखवायचे आहे. मिनिटाला अचूक वाचलेले शब्द सुरुवातीला मोजले होते आणि आता पुन्हा मोजले, तर काही चांगल्या मुलांचा वेग घटलेला दिसतो. खात्रीचा उपाय कृपया लवकर सांगावा.

पिंपळपान : मुले कितवीची आहेत आणि दोन्ही वेळी उतारा एकच होता का, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

शब्दवेल : आठवीची आहेत. उतारे अर्थातच वेगळे होते. तोच दिला असता तर ओळखीमुळे वेग वाढला असता.

पिंपळपान : मग वेग घटला की दुसरा उतारा अवघड निघाला, हे या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. सारख्या काठिण्याचे तीन उतारे एकाच बैठकीत वाचून घ्यावेत आणि तीन आकड्यांतला मधला धरावा, म्हणजे एखाद्या उताऱ्याचा दोष मुलाच्या माथी येत नाही.

जुनी वही : आठवीत वेग मोजून फारसे हाती लागत नाही. संशोधक विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली क्लोझ चाचणी घ्या. उताऱ्यातला दर पाचवा शब्द गाळायचा आणि मुलांनी तो भरायचा. आकलन थेट दिसते. मी अनेक वर्षे हीच वापरतो.

मीमांसा : थेट दिसते, हे मान्य नाही. गाळलेला शब्द बहुधा त्याच वाक्याच्या आधाराने भरता येतो; परिच्छेदांमधला संबंध कळला का, हे त्यातून उमगत नाही. शिवाय वेग टाकून देऊ नये. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये आकलन हा अक्षरवाचन (लिहिलेला शब्द ओळखून वाचणे, जे वेगातून दिसते) आणि भाषेची समज यांचा गुणाकार मानला. मूल नेमके कुठे अडते हे शोधायचे, तर दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

कोरा कागद : मुलांना रोज आवडीचे पुस्तक वाचू द्या, प्रगती आपोआप होईल.

पिंपळपान : प्रगती कशी करावी हा प्रश्न नाही, ती मोजण्याचा आहे.

शब्दवेल : आकलनासाठी उताऱ्याचा सारांश लिहून घेतला तर चालेल का?

मीमांसा : तोंडी घ्या. लेखनात कच्चे असलेले मूल समजलेलेही कागदावर उतरवू शकत नाही, आणि मग तुम्ही वाचन नव्हे, लेखन मोजून बसाल. उताऱ्याचा विषय मात्र सर्वांना सारखाच अपरिचित असू द्या.