हॅमिल्टन: नाटक झकास, पण मालक लोकांची पापं कुठे गेली?

तिसरी_घंटा:
वीकेंडला परत एकदा हॅमिल्टन बघितलं, म्हणजे अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनवरचं लिन-मॅन्युएल मिरांडाचं रॅपवालं संगीत नाटक. मूळ संचाचे ब्रॉडवेवरचे (न्यूयॉर्कच्या नाट्यनगरीतले) प्रयोग जून २०१६ मध्ये शूट करून ठेवले होते आणि लॉकडाऊनमध्ये, ३ जुलै २०२० ला, डिस्नी प्लसवर आले, ते. गाण्यांना तोड नाही, हॅमिल्टनची मेहुणी अँजेलिका, तिच्या गाण्यात तो फिरता रंगमंच अख्खा प्रसंग उलटा फिरवतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण यावेळी एक गोष्ट जाम खटकली. वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, अमेरिकेच्या सुरुवातीच्या या तिन्ही राष्ट्राध्यक्षांच्या भूमिका कृष्णवर्णीय नटांनी केल्यात, त्याचं जगभर कौतुक झालं, आणि हे तिघंही प्रत्यक्षात गुलामांचे मालक! वॉशिंग्टन १७९९ ला वारला तेव्हा त्याच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर ३१७ गुलाम होते. जेफरसन पॅरिसहून परत येतो त्या गाण्यात तो सॅलीला लाडात पत्र उघडायला सांगतो, एक नर्तिका पुढे येते, दोन सेकंद, खेळ खल्लास. ही सॅली हेमिंग्ज त्याच्या मालकीची, आणि तिची मुलं त्याचीच होती असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. नाटकात तिला एवढीच जागा. नट बदलले की पापं धुतली जातात का?

जर्सीकर:
असहमत. नाटक आहे हो, दहावीचं पुस्तक नाही. ज्यांना या कथेत कधी उभंच केलं नाही त्यांनी येऊन अख्खं स्टेज ताब्यात घेतलं, हेच तर नाटकाचं म्हणणं आहे, आणि तुम्ही तेच चूक धरताय. शिवाय वॉशिंग्टनने स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मृत्युपत्रात मुक्त केलं होतं तेही सांगा की. राज्यांची कर्जं केंद्राने उचलायची का, या १७९० च्या रुक्ष भांडणावर माझी पोरगी जेवताना रॅप करते, कुठल्या मास्तरला जमलं असतं? आणि ते इमिग्रंट लोक काम फत्ते करतात वालं वाक्य, त्यावर थिएटरातल्या आरोळ्या रेकॉर्डिंगमध्ये पण ऐकू येतात. वर्षानुवर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारा काय वाटतं ते.

जुनं_खोड:
जर्सीकर, टाळ्या वाजवा पण हेही वाचा. नागरिकत्वाच्या अटी सैल करायला निघाला होता जेफरसन, आणि १८०२ मध्ये टोपणनावाने पेपरात लेख लिहून त्याला विरोध कुणी केला, तर तुमच्या या इमिग्रंट हिरोने, खुद्द हॅमिल्टनने! नाटकात याचा मागमूस नाही. अँजेलिकाचं तर १७७७ मध्येच लग्न झालेलं, हॅमिल्टन त्या घरात आला १७८० ला, म्हणजे बहिणीसाठी तिने हॅमिल्टनवर पाणी सोडलं तो त्याग वगैरे सगळी पदरची फोडणी. आरन बर या राजकीय प्रतिस्पर्ध्याबरोबरचं, हॅमिल्टनचा जीव घेणारं द्वंद्व १८०० च्या निवडणुकीवरून पेटतं असं दाखवलंय, खरं निमित्त १८०४ ची न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक.

रंगपेटी:
तारखा मोजत बसलात तर एकही ऐतिहासिक नाटक बघता येणार नाही. आपल्याकडे घाशीरामवर किती गदारोळ झाला, नाना फडणवीसांची बदनामी म्हणून. मला तर या रेकॉर्डिंगचेच उपकार वाटतात, ब्रॉडवेचं तिकीट शेकडो डॉलर, आमच्यासारख्यांनी कधी बघितलं असतं हे? इंग्लंडचा राजा जॉर्ज गाताना हनुवटीवर ओघळणारी थुंकी दिसते इतका कॅमेरा जवळ आहे. बाल्कनीतून काय दिसणार होतं, कपाळ?

जुनं_खोड:
घाशीराम कशाला मधे? तेंडुलकरांनी सांगितलंच होतं की हे ऐतिहासिक नाटक नाही. इथे मिरांडाने रॉन चेर्नोने लिहिलेलं हॅमिल्टनचं जाडजूड चरित्र हातात धरून लिहिलंय, मग बोलायला नको?

तिसरी_घंटा:
@रंगपेटी, तोच तर माझा मुद्दा आहे. थिएटरात हजार-तेराशे लोक बघत होते तोवर ठीक होतं. आता घरोघरी हीच आवृत्ती पोचली, पोरं हाच इतिहास धरून बसणार. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाला पोलिसाने मारल्याचं प्रकरण घडून सहा आठवडे झाले नव्हते तेव्हा हे रिलीज झालं, लोकांनी गुलामगिरीवरून धारेवर धरलं, तर मिरांडा स्वतः म्हणाला की टीका रास्त आहे. तो मान्य करतो आणि आपण वकिली करतोय!

जर्सीकर:
त्याने मान्य केलं हा त्याचा मोठेपणा. अडीच तासात सगळं बसवणं कठीण होतं असंही म्हणाला होता, ते सोयीस्कर विसरलात. गुलामगिरीवर एक तिसरी कॅबिनेट बॅटल (मंत्रिमंडळातली रॅपमधली खडाजंगी) लिहिली होती त्याने, नंतर काढली. यातल्या कुणीच त्या बाबतीत फारसं काही केलं नाही, मग गाऊन करणार काय?

तिसरी_घंटा:
ऐकलंय ते, त्याचा डेमो नाटकावरच्या ‘हॅमिल्टन मिक्सटेप’ अल्बममध्ये आहे. कुणीच काही केलं नाही हेच स्टेजवर दाखवायचं होतं ना मग! ते गाणं काढलं आणि राजाला तीन गाणी ठेवली.

रंगपेटी:
राजाच्या गाण्यांना हात लावायचा नाही हां. बाकी चालू द्या.