डायल-अपवर लॉगिन स्क्रिप्ट: आधी क्रम बघा

डायल-अपवरून, म्हणजे मोडेमने फोनच्या लाइनवरून, ऑफिसला जोडलं की लॉगिन स्क्रिप्ट (लॉगिन होताच आपोआप चालून सर्व्हरचे ड्राइव्ह वगैरे जोडणारी फाइल) चालत नाही, पण ऑफिसच्या लॅनवर, म्हणजे आतल्या नेटवर्कवर, तीच बिनबोभाट चालते म्हणताय, मग तिच्या ओळी खरवडत बसण्यात अर्थ नाही. घोळ बहुतेक क्रमाचा आहे. यूजर आधी विंडोजमध्ये शिरतो, तेव्हा लाइन जोडलेलीच नसते; साठवलेल्या पासवर्डावर लॉगिन होतं आणि स्क्रिप्टची वेळ टळून जाते. नंतर डायल केलं तरी ती आपोआप पुन्हा चालत नाही. विंडोज २००० किंवा एक्सपी असेल आणि मशीन डोमेनमध्ये (ऑफिसच्या सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या मशीनच्या गटात) असेल, तर लॉगिनच्याच खिडकीत डायल-अप वापरून लॉगिन करण्याची खूण असते, ती लावून बघा.

तरीही नाही चाललं तर स्क्रिप्ट ग्रुप पॉलिसीतून (डोमेनच्या सर्व्हरवरून सगळ्या मशीनना लागू होणाऱ्या सेटिंगमधून) येते का ते पाहा. ५०० केबीपीएसपेक्षा हळू लाइन पॉलिसीच्या लेखी 'स्लो लिंक', आणि त्यावर स्क्रिप्ट मुळातच वगळल्या जातात. ५६ केच्या मोडेमची काय कथा! यूजरच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेल्या जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्टला हा नियम लागत नाही.

ड्राइव्ह जोडताना सर्व्हर सापडत नसेल तर नावाऐवजी आयपीने (सर्व्हरच्या आकडी पत्त्याने) पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का ते तपासा. आयपीला उत्तर आलं आणि नावाला नाही, तर डीएनएस किंवा विन्सचा (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता डायल-अपला मिळत नाहीये.

तूर्तास डेस्कटॉपवर त्याच आज्ञांची एक बॅच फाइल (एकामागून एक आज्ञा चालवणारी साधी फाइल) ठेवून द्या, कनेक्ट झाल्यावर डबल-क्लिक.