मदत हवी आहे: खेळातली कोडी एकामागून एक ठेवू की सगळी एकदम मोकळी सोडू?

ओसरी (बडोदा)

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं रात्री जेवणं आटोपली की मी संगणकावरचा एक खेळ बांधायला बसते. पॉइंट अँड क्लिक प्रकारातला आहे, म्हणजे चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायची. चित्रं माझा मामेभाऊ काढतो, बाकी सगळं माझ्याकडे. खेळ बनवायचं गोडो ४ हे सॉफ्टवेअर वापरते, कारण त्यात आपली जोडाक्षरं न तुटता दिसतात. पंधरा पडदे, म्हणजे खेळात हिंडायच्या जागा, तयार आहेत. सुरुवात आणि शेवट मनासारखे जमलेत. मधला भाग मात्र दोनदा मोडून बांधला आणि दोन्ही वेळा खेळणारं माणूस अर्ध्यात उठून गेलं.

आधी गोष्ट सांगते. साल १९३६, दांडिया बाजारातला एक वाडा. कुंदा बारा वर्षांची. तिचे आजोबा नुकतेच गेलेत आणि माजघरातल्या भिंतीत त्यांचं एक फडताळ कुलूपबंद राहिलंय. वाडा विकायचं घाटतंय, त्याआधी तिला ते उघडायचंय. फडताळाला दोन कुलपं. एका कुलपाची किल्ली आजोबांनी लपवलीय आणि ती कुठे आहे ते मोडीतल्या चिठ्ठीत लिहिलंय. दुसरी किल्ली मोठ्या काकांच्या कमरेला. सेंट्रल लायब्ररीतून एक जुना नकाशा आणून दिल्याशिवाय ते ती सोडायचे नाहीत. शिवाय माजघरात भर दुपारीही काळोख आणि कंदिलाची काच फुटलेली. म्हणजे चिठ्ठी, काका आणि कंदील असे तीन धागे झाले.

पहिल्या वेळी मी हे तिन्ही एका ओळीत लावले. कंदील लागल्याशिवाय चिठ्ठी सापडत नाही, चिठ्ठी वाचल्याशिवाय काका बोलत नाहीत. पहिली आई खेळायला बसली. मांडवीतल्या दुकानदाराकडून कंदिलाची काच मिळवायची होती, तिथेच ती अडकली. चाळीस मिनिटं दुकान ते वाडा, वाडा ते दुकान. शेवटी चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, "अगं, तोवर या पोरीला दुसरं काहीच करता येत नाही का?" आणि भाजी निवडायला निघून गेली.

तिचं म्हणणं मनाला लागलं, म्हणून दुसऱ्या वेळी सगळं मोकळं सोडलं. पहिल्या मिनिटापासून पंधराही पडद्यांवर हिंडा, दिसेल ते उचला. या वेळी नववीतला भाचा बसला. अर्ध्या तासात कुंदाच्या पिशवीत अकरा वस्तू जमल्या. मग त्याने अडकित्ता घंटेवर लावून पाहिला, पंचपात्री कोनाड्यावर, दोरी काकांवर. असं करता करता एकदम एक कुलूप उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कशामुळे झालं?" उत्तर मला ठाऊक होतं, पण त्याला ते खेळातून कळायला हवं होतं.

द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड (१९९०) मी तीनदा खेळले आहे. त्याच्या पहिल्या भागात तलवारबाजी, चोरी आणि पुरलेला खजिना अशा तीन परीक्षा असतात. त्या हव्या त्या क्रमाने देता येतात आणि तरी कुठे हरवल्यासारखं होत नाही. तिथे हे जमलंय एवढं दिसतं, पण माझ्या वाड्यात ते कसं आणायचं ते कळत नाही. एका वेळी किती दारं उघडी ठेवावीत? आणि कुठली वस्तू कुठल्या कामाची हे न सांगता कसं सांगावं?

ज्यांनी असे खेळ मन लावून खेळलेत किंवा बनवलेत त्यांनी कृपया लिहावं.

रिकामी खुर्ची

माझं मत तुमच्या आईच्या उलट आहे. ओळीत लावलेली कोडी वाईट नसतात, ती फार लांबवर पसरली की वाईट होतात. मशिनेरियम (२००९) बघा. सुरुवातीला बराच वेळ एकच पडदा समोर असतो. शिवाय त्यातल्या यंत्रमानवाचा हात पोचेल तिथलीच वस्तू तुम्हाला हाताळता येते. वाट एकच आहे, पण हाताशी मोजक्याच गोष्टी असल्यामुळे माणूस अडकला तरी उत्तर याच चार भिंतींत आहे याची खात्री असते. अगदीच जमलं नाही तर पूर्ण उत्तराची वही आहे, पण ती उघडायला आधी एक छोटा खेळ खेळावा लागतो.

तुमच्या आई अडकल्या तेव्हा त्यांच्यासमोर किती पडदे उघडे होते? कोडं एक आणि हिंडायला पंधरा जागा, असं असेल तर दोन्हीकडचा त्रास एकत्र आला.

ओसरी

नऊ पडदे उघडे होते आणि त्यातल्या एकातच काम होतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

माळव्याचा पाहुणा (इंदूर)

ताई, तुमच्या भाच्याचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

एक मोठा कागद घ्या. सगळ्यात खाली लिहा, "फडताळ उघडलं". त्यासाठी थेट काय लागतं ते त्याच्या वर लिहा: किल्ली एक, किल्ली दोन, उजेड. प्रत्येकासाठी काय लागतं ते त्याच्याही वर, आणि बाण काढत चला. मंकी आयलंडवाले रॉन गिल्बर्ट याच रीतीने, शेवटाकडून मागे येत, कोड्यांचे तक्ते मांडतात. तक्ता झाला की त्याची रुंदी बघा. चार-पाच पायऱ्या एकच चौकट खाली खाली उतरत असेल तर तिथे तुमच्या आई उठणार. एकाच आडव्या ओळीत आठ चौकटी आल्या तर तिथे भाचा उठणार.

मी स्वतः दोन छोटे खेळ केलेत, त्यावरून सांगतो, तीन धागे पुरेत. एक अडला तर दुसऱ्याकडे जाता येतं आणि तिन्ही मनात राहतात. पण धागे तीन असणं हा अर्धाच भाग झाला. मंकी आयलंडमध्ये तीन परीक्षा आहेत हे खेळाडूला अगदी सुरुवातीलाच तोंडावर सांगतात. त्यामुळे फावडं दिसलं की हे खजिन्याचं, हे मनातच जुळतं. गिल्बर्टनी १९८९ साली या खेळांच्या दोषांवर एक लेख लिहिला होता. त्यातला एक दोष असा, की प्रश्न समोर यायच्या आधीच उत्तर हातात येतं. खेळाडू वस्तू उचलतो ती केवळ उचलता येते म्हणून. तुमच्या भाच्याचं नेमकं हेच झालं. अकरा वस्तू हातात आणि प्रश्न एकही नाही.

म्हणून आधी कुलूप दाखवा, मग किल्ली. अडकित्ता पहिल्यांदा दिसेल तेव्हा कुंदाला तो उचलूच देऊ नका. "आजीचा आहे, उगाच कशाला घेऊ?" असं म्हणू द्या. गरज कळल्यावर तीच म्हणेल, "आजीचा अडकित्ता चालेल का?" काही लोकांना हे आवडत नाही, एकाच जागी दोनदा जावं लागतं म्हणतात. मला ते मान्य आहे, पण तुमच्या वाड्यात आजी पडद्यापलीकडेच बसलेली असेल तर ती फेरी जड वाटणार नाही.

आणखी एक. मोकळं आणि अरुंद आलटून पालटून ठेवा. त्याच मंकी आयलंड खेळाच्या दुसऱ्या टप्प्यात सगळं एका जहाजावर घडतं, एकच कढई आणि तिच्यात घालायचं साहित्य. बेटभर हिंडून दमलेल्या माणसाला तिथे बसायला जागा मिळते. तुमच्याकडे तिन्ही धागे जुळले की कुंदाला माजघरात कोंडा. दार बंद, हातात कंदील, पिशवीतल्या जुन्या वस्तू संपलेल्या.

पारंबी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. कामांची यादीही द्या. थिंबलवीड पार्कमध्ये (२०१७) पात्रांकडे आपापली वही असते, रिटर्न टू मंकी आयलंडमध्येही (२०२२) यादी आहे. यादीमुळे कोडं सोपं होत नाही. चार दिवसांनी खेळ पुन्हा उघडणाऱ्याला आपण कुठे होतो ते आठवतं, एवढंच. नोकरी-घर सांभाळून खेळणाऱ्यांसाठी हे फार मोलाचं आहे.

मला उत्सुकता मोडीची आहे. ते कोडं नक्की काय आहे?

ओसरी

मोडीचं विचारलंत, खूप बरं वाटलं. सगळ्या खेळात माझा सर्वांत जास्त जीव त्यातच आहे.

चिठ्ठीत चारच शब्द आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे त्यातला एक शब्द दोन तऱ्हांनी वाचता येतो. "किल्ली शिलेपाशी ठेवली आहे." वाड्यात शीला नावाची आत्या आहे, आणि मागच्या अंगणात विहिरीजवळ कपडे धुवायची मोठी शिळा. आजोबा संस्कृतचे, ते तिला कायम शिलाच म्हणायचे, हे आजीच्या बोलण्यात एकदा येऊन जातं. खेळाडू आधी आत्याकडे जाणार हे उघड आहे. आत्याकडे काहीच नाही, ती "मला माहीत नाही" म्हणते. मग अंगणात जायचं.

अक्षरं शिकायला तीन जागा आहेत: दुकानाची पाटी, आजीकडची जुनी चोपडी, आणि शेजारच्या मास्तरांची ओसरी. अडचण अशी की खेळाडू अक्षरांचे अंदाज ठोकत सुटतो. एक चुकलं की दुसरं, तेही चुकलं की तिसरं.

पारंबी

त्यावर तोड आहे. चँट्स ऑफ सेनार (२०२३) हा खेळ अनोळखी लिप्या उलगडण्याचाच आहे. तिथे वहीच्या पानावर चित्रं असतात आणि प्रत्येक चित्रापुढे एक खूण ठेवायची. पानावरच्या सगळ्या खुणा बरोबर असतील तरच पान पक्कं होतं. रिटर्न ऑफ द ओब्रा डिनमध्येही (२०१८) साठ माणसांचं काय झालं ते शोधायचं असतं आणि उत्तरं तीन-तीनच्या गटाने पक्की होतात. एकेकटं अक्षर बरोबर की चूक हे सांगूच नका. तीन अक्षरांचा गट जुळला की मगच कुंदाला ती शाईने गिरवू द्या.

आणि हो, याला पिशवी लागत नाही. मोडी शिकणं ही वस्तू नाही, खेळाडूच्याच डोक्यात राहणारी गोष्ट आहे. त्यामुळे हा धागा कितीही मोकळा सोडलात तरी पसारा होत नाही. कंदील आणि काका मात्र आवरा.

बोरू

मोडी वाचतो म्हणून दोन शब्द. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती, सलग लिहीत. तुमच्या चिठ्ठीत चार शब्द सुटे दाखवले असतील तर ते चुकीचं दिसेल. सलग लिहा. शब्द कुठे तोडायचा हेच आणखी एक कोडं होईल आणि ते तुम्हाला फुकट मिळेल. दुकानाच्या पाटीचंही पाहा. बडोद्याच्या बाजारात तेव्हा गुजराती पाट्या भरपूर असणार, मोडी मुख्यतः हिशेब, पत्रं आणि दप्तरात. पाटीऐवजी दुकानदाराची खातेवही दाखवलीत तर जास्त शोभेल.

माळव्याचा पाहुणा (इंदूर)

शीला-शिला फार सुंदर आहे. पण ताई, आत्याला रिकाम्या हाताने बसवू नका. चुकीचा अर्थ लावून गेलेला माणूस खरं तर चिठ्ठी वाचून आलाय, बरंच काही बरोबर करून आलाय. त्याला "माहीत नाही" म्हणून परत पाठवलंत तर आपण मोडीच चुकीची वाचली असं त्याला वाटेल आणि तो पुन्हा अक्षरांकडे जाईल. आत्याने दुसऱ्या धाग्याचं काहीतरी द्यावं. काकांना तो नकाशा कशासाठी हवाय हे तिला ठाऊक असू शकतं. अनअव्हाउडमध्ये (२०१८) बरोबर कुठले दोन सोबती नेता त्यावर एकाच प्रसंगाचे मार्ग बदलतात, कुठलीही जोडी घेतली तरी पुढे जाता येतं. तेवढा पसारा आपल्यासारख्यांना झेपणार नाही, पण एका आत्यापुरतं नक्की झेपेल.

ओसरी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

तक्ता काढला, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर. कंदिलाच्या धाग्यात ओळीने सहा चौकटी निघाल्या, त्यातल्या तीन काढून टाकल्या. दुकानदार आता काच उधारीवर देतो, फक्त त्याच्या खातेवहीतलं आजोबांचं नाव कुंदाने ओळखून दाखवायचं. त्यामुळे कंदील आणि मोडी एकमेकांना लागून आले. पाटी गेली, खातेवही आली. बोरू, तुमचे मनापासून आभार.

सुरुवातीला आता सहाच पडदे उघडे असतात. कुंदा पहिल्यांदा माजघरात डोकावते तेव्हाच दोन कुलपं आणि काळोख दिसतो, आणि ती तिन्ही कामं पाटीवर पेन्सिलीने लिहून ठेवते. सेंट्रल लायब्ररी काका नकाशाचं बोलल्यावरच उघडते. तिथली काचेची जमीन, खालच्या मजल्याचा उजेड पायाखालून वर येताना, भावाने इतकी छान काढलीय की ती उशिरा दिसणंच बरं.

काल आई पुन्हा बसली. चिठ्ठी वाचली आणि थेट शीला आत्याकडे गेली. आत्याने नकाशाची गोष्ट सांगितली. आई लायब्ररीत गेली, नकाशा आणला, काकांची किल्ली मिळवली. मग बराच वेळ अंगणात नुसती उभी राहिली. मी मागे बसून होते, तोंडातून शब्द काढला नाही. एकदम तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "थांब, थांब. आपल्या आजोळच्या विहिरीवर पण होती गं तशी शिळा."

आता एकच अडलंय. चिठ्ठी वाचायच्या आधी कुणी सहज त्या शिळेवर क्लिक केलं तर कुंदाने काय म्हणावं? आत्ता ती म्हणते, "आईची कपडे धुवायची शिळा." पण त्यात 'शिळा' शब्द आधीच कानावर पडतो आणि शीलाचा गोंधळ कच्चा पडतो. 'दगड' म्हणावं तर पुढे चिठ्ठीशी जुळणं अवघड. कुणाला काही सुचतंय का?