आयटीआय फिटर, मेंटेनन्समध्ये अप्रेंटिसशिप सुरू झाली आहे. आधी काय पक्कं करू?

नवा_फिटर_चाकण

नमस्कार मंडळी. फिटर ट्रेड पास झालो आणि चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मेंटेनन्सला एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळाली. सोमवारपासून रुजू आहे. प्रेस शॉप आणि मशीन शॉप दोन्ही आमच्याच डिपार्टमेंटकडे: मेकॅनिकल प्रेस, दोन हायड्रॉलिक प्रेस, सीएनसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीन), व्हीएमसी (त्यातलंच उभ्या स्पिंडलचं मशीन), कन्व्हेयर, ब्लोअर. आयटीआयमध्ये कानस आणि लेथ खूप झालं, पण इथे दिवसभर बेअरिंग, पट्टे, सिलिंडर आणि सेन्सर. मशीन बंद पडलं की चार जण धावतात आणि मी पान्हे देत उभा असतो. आधी कशावर हात बसवायचा? स्वतःचं काय सामान घ्यावं? इलेक्ट्रिकल किती यायला हवं? आणि कागदपत्रांत काय बघून घेऊ?

---

शिकाऊ_कायदा

कागदपत्रांचं आधी, कारण ते एकदाच करायचं आहे.

तुझा करार शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ खाली आहे की तू नुसता 'कंपनी ट्रेनी' आहेस, हे आजच बघ. दोन्हींना गेटवर सारखंच ओळखपत्र मिळतं, पण गोष्ट वेगळी आहे. खरी अप्रेंटिसशिप असेल तर केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर तुझ्या नावाने करार नोंदलेला दिसतो, त्याला नंबर असतो आणि त्यात ट्रेड 'फिटर' असंच लिहिलेलं असतं. ट्रेड चुकीचा पडला असेल तर पहिल्याच महिन्यात दुरुस्त करून घे. वर्षाअखेरीला परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी हे लक्षात आलं तर धावपळ तुझीच होते.

वर्ष संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या लेव्हल १ (सर्वांत खालच्या स्तराच्या) भरतीत अ‍ॅक्ट अप्रेंटिससाठी (या कायद्याखाली अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी) २० टक्के जागा राखीव असतात, त्या या प्रमाणपत्रावर. ट्रेनीच्या अनुभवपत्रावर नाही.

विद्यावेतन बँक खात्यातच यायला हवं. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्यांचा किमान दर महिन्याला ७,००० होता. कंपनी जास्त देऊ शकते. शिकाऊ सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय तुला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही. कामावर इजा झाली तर कामगारासारखीच नुकसानभरपाई लागू होते, म्हणून छोटी जखमसुद्धा फर्स्ट एडच्या रजिस्टरला लिहायची. मात्र वर्षानंतर कायम करण्याचं बंधन मालकावर नाही. तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस.

---

शिफ्ट_बी_मेंटेनन्स

पान्हे देत उभा आहेस ना, मग न विचारता बरोबर पान्हा हातात देता आला पाहिजे. एम६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टला १० चा पान्हा, एम८ ला १३, एम१० ला १७, एम१२ ला १९, एम१६ ला २४. नव्या आयएसओ बोल्टमध्ये एम१० ला १६ आणि एम१२ ला १८ येतो, परदेशी मशीनवर हे हमखास भेटतं. अ‍ॅलन बोल्टमध्ये (डोक्यात षटकोनी खाच असते) एम५ ला ४, एम६ ला ५, एम८ ला ६, एम१० ला ८, एम१२ ला १०. टॅप मारायचं (आत आटे पाडायचं) भोक एम६ ला ५, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२. एवढं पाठ झालं की स्टोअरच्या फेऱ्या निम्म्या होतात.

स्वतःचं सामान फार घेऊ नकोस. चांगला अ‍ॅलन सेट (बॉल एंडवाला, पण शेवटचं आवळणं आखूड सरळ बाजूने, बॉल एंड तुटून बोल्टमध्ये अडकतो), १५० मिमीची स्टील पट्टी, छोटा टॉर्च, पेंट मार्कर, खिशातली वही. बाकी टूल क्रिबमधून (कंपनीच्या हत्यारांच्या खोलीतून). स्वस्त पान्हा तोंड फाकतो, बोल्टचे कोपरे गोल करतो आणि मग त्या बोल्टला छिन्नी लावावी लागते.

आवळणं हेच पहिलं कौशल्य समज. ८.८ ग्रेडचा (बोल्टच्या ताकदीचा आकडा) एम१० साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर, एम१२ साधारण ८० ते ८५. मशीनच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरायचा. पान्ह्याला पाइप घालून आवळायची सवय लागली की आटे जातात, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये आटे गेले की हेलिकॉइलशिवाय (नवे आटे देणाऱ्या तारेच्या स्प्रिंगशिवाय) इलाज नाही.

बेअरिंगचा नंबर वाचायला शिक. शेवटचे दोन आकडे ०४ पासून पुढे पाचने गुणले की आतलं भोक येतं: ६२०५ म्हणजे २५, ६३१० म्हणजे ५०. अपवाद ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ६२०५ आणि ६३०५ दोघांचंही भोक २५, पण बाहेरचं माप ५२ आणि ६२. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, २आरएस म्हणजे रबर सील. मागे सी३ लिहिलं असेल तर आत जादा क्लिअरन्स (गोळ्या आणि रिंगांमधली मोकळीक) आहे. मोटरला सी३ होतं तिथे साधं बसवलं की गरम होऊन जातं. स्टोअरवाला "तेच आहे, घेऊन जा" म्हणेल. तेच नसतं.

शाफ्टवर बसवताना दाब आतल्या रिंगवर, हाउसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या. उलट केलं की जोर गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग चालू व्हायच्या आधीच खराब. गरम करायचं तर इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत. सील किंवा झाकण असलेलं ८० च्या वर नाही, आतलं ग्रीस आणि सील दोन्ही जातं. गॅस कटरने तर कधीच नाही, कोणी कितीही सीनियर सांगो.

ग्रीस ही वेगळीच कथा. जास्त घातलं म्हणजे जास्त टिकेल असं प्रत्येक हेल्परला वाटतं. ग्रॅममध्ये अंदाज: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५. ६३१० ला ११० × २७ × ०.००५, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. तुमच्या ग्रीस गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा, ते दहा स्ट्रोक कागदावर काढून स्टोअरच्या काट्यावर तोल. हे बहुतेक कंपन्यांत कोणी केलेलं नसतं आणि चेकलिस्टवर नुसतं '४ स्ट्रोक' लिहिलेलं असतं.

---

लॉक_आपलं_चावी_आपली

वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी एक गोष्ट. इमर्जन्सी दाबली म्हणजे मशीन बंद झालं, असं धरून हात घालायचा नाही. इमर्जन्सीने कंट्रोल तुटतो. पॅनेलमध्ये ४१५ व्होल्ट तसेच, हवा तशीच, तेलाचा दाब तसाच.

क्रम असा: ऑपरेटर आणि लाइन इनचार्जला सांग, मशीन नेहमीच्या पद्धतीने थांबव, मेन आयसोलेटर बंद, त्यावर तुझं स्वतःचं कुलूप आणि टॅग, चावी तुझ्याच खिशात. चार जण काम करत असतील तर हॅस्पवर (अनेक कुलपं लावायच्या पट्टीवर) चार कुलपं. मग स्टार्ट बटण दाबून खात्री कर की काही हलत नाही. इलेक्ट्रिशियन मीटरने तपासेल. तो मीटर आधी चालू सप्लायवर, मग बंद जागी, मग पुन्हा चालू सप्लायवर लावून बघतो ना, ते पाहा. मधलं 'शून्य' मीटर बिघडल्यामुळेही येऊ शकतं.

तुमच्याकडच्या मशीनवर कुलूप लावूनही काय उरतं, ते सांगतो. मेकॅनिकल प्रेसचं फ्लायव्हील मोटर बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतं; ते पूर्ण थांबेपर्यंत डायमध्ये हात नाही, आणि स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय तर नाहीच. हायड्रॉलिक प्रेसला अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी) असेल तर पंप बंद असतानाही दाब आत साठलेला असतो. ड्रेन व्हॉल्व्ह उघडून गेज शून्यावर आलेला पाहायचा, मगच नट सैल. गळती शोधायला होजवरून हात फिरवायचा नाही. बारीक भोकातून येणारं तेल कातडीत घुसतं, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडतं. पुठ्ठा धरायचा. कोणाला असं टोचलं तर दुखत नसलं तरी त्याच मिनिटाला हॉस्पिटल, आणि तिथे 'हायड्रॉलिक तेल दाबाने आत गेलंय' हे शब्द सांगायचे.

न्यूमॅटिकमध्ये उभा सिलिंडर हवा सोडली की खाली येतो. व्हीएमसीचा झेड अक्ष मोटर किंवा ब्रेक काढला की हेडसकट खाली येतो, म्हणून आधी टेबलावर लाकडी ठोकळा ठेवून हेड त्यावर टेकवायचं.

'दोन मिनिटांचं काम आहे, कुलूप कशाला' हे वाक्य तुला याच महिन्यात ऐकू येईल. अप्रेंटिस असलास तरी तू 'नाही' असं सांगू शकतोस. कुरकूर होईल, होऊ दे.

---

पॅनेलवाला

फिटरला इलेक्ट्रिकल किती? पॅनेल उघडून काम करायचं नाही, ते इलेक्ट्रिशियनचं. पण त्याच्याशी बोलता येईल एवढं हवं.

ओव्हरलोड ट्रिप होतोय म्हटल्यावर निम्म्या वेळा दोष तुझ्या बाजूचा निघतो: बेअरिंग जाम, पट्टा फार ताणलेला, गिअरबॉक्समध्ये तेल नाही, कन्व्हेयरमध्ये बर (धातूची कपची) अडकलेली. ५ एचपीच्या मोटरला पूर्ण लोडवर साधारण ७.५ अँपिअर लागतात. नेमका आकडा नेमप्लेटवर असतो. इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्यायला सांग. तिन्ही सारखे आणि जास्त, तर मेकॅनिकल लोड शोध. एक शून्य आणि दोन वाढलेले, तर फेज गेलाय. फ्यूज, कॉन्टॅक्टरचे पॉइंट, सैल टर्मिनल. ओव्हरलोडची सेटिंग वाढवून लाइन चालू करणं ही दुरुस्ती नव्हे, मोटर जाळायची तयारी आहे.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर मेन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ५५० व्होल्टच्या वर डीसी असतो. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबायचं. आणि मोटर मेगर करताना (जास्त व्होल्टने इन्सुलेशन तपासताना) केबल ड्राइव्हपासून सुटी केली आहे का, विचार. केबल न सोडता मेगर केलं तर ड्राइव्ह जातो.

सेन्सरचं सोपं आहे. सिलिंडर पुढे गेला आणि मशीन तिथेच थांबलं, तर आधी रीड स्विचचा (सिलिंडरवरच्या चुंबकीय सेन्सरचा) दिवा बघ. नटबोल्ट सैल होऊन स्विच चार मिमी सरकला, एवढंच बऱ्याचदा असतं. पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) इनपुटचा दिवा आणि सेन्सरचा दिवा दोन्ही लागले तर वायर ठीक. सेन्सरचा लागतो, पीएलसीचा नाही, तर मधली केबल बघ, बहुधा ड्रॅग चेनमध्ये (केबल वाहून नेणाऱ्या हलत्या साखळीत) तुटलेली असते.

---

नवा_फिटर_चाकण

सगळ्यांचे आभार. करार पाहिला, पोर्टलवर आहे, ट्रेडही बरोबर आहे. लॉक मागितलं तर स्टोअरमधून लाल कुलूप मिळालं.

एक विचारायचं होतं. आमच्या एका ब्लोअरचं (पट्ट्यावर चालतो, 'बी' मापाचे दोन व्ही-पट्टे) पुलीकडचं ६२०५ दर दीड-दोन महिन्यांनी जातं. दादा लोक अर्ध्या तासात नवीन बसवतात, लाइन चालू. स्लिपवर 'बेअरिंग फेल, बदलले' एवढंच. काल काढलेलं मी भंगारात न टाकता ठेवून घेतलंय. यातून काही कळेल का?

---

शिफ्ट_बी_मेंटेनन्स

कळेल, बरंच कळेल. ठेवलंस ते उत्तम केलंस.

सील काढ, रॉकेल किंवा डिझेलमध्ये धू. धुतल्यावर हवेच्या पाइपने फिरवू नकोस, सुक्या गोळ्या वेगाने फिरून पिंजरा (गोळ्या अंतरावर धरणारी पट्टी) फुटतो. गॉगल घाल, पिंजऱ्याचे रिव्हेट ड्रिलने काढ, सगळ्या गोळ्या (६२०५ मध्ये सहसा नऊ) एका बाजूला सरकव, आतली रिंग तिरकी होऊन बाहेर येते. रिंगवर हातोडा नको. कडक स्टीलची कपची उडते.

आता दोन्ही रिंगांवरची वाट बघ. वाट म्हणजे गोळ्या जिथून धावल्या तो घासलेला पट्टा. पट्ट्याचा ओढा एकाच दिशेला असतो आणि शाफ्ट फिरतो, म्हणून आतल्या रिंगवर वाट पूर्ण गोल आणि बाहेरच्या रिंगवर फक्त एका बाजूला, हे चित्र नेहमीचं. ती बाजू खोल आणि सोललेली असेल तर पट्टा फार ताणलेला. उलटं दिसलं, बाहेरच्या रिंगवर पूर्ण गोल आणि आतल्यावर एकाच जागी, तर जोर शाफ्टबरोबर फिरतोय: इंपेलर अनबॅलन्स. ब्लोअरमध्ये पात्यांवर तेलकट धूळ एका बाजूला साचली की हेच होतं. पाती खरवडल्याशिवाय कितीही बेअरिंगं घाला. दोन्हीकडे पूर्ण गोल असेल तर आतला क्लिअरन्स संपलाय. वाट एका कडेकडून दुसऱ्या कडेला तिरकी गेली असेल तर रिंग वाकडी बसली किंवा शाफ्ट वाकलाय. गोळ्यांच्या अंतरावर सारखे खड्डे दिसले तर बसवताना ठोकलंय. आडव्या बारीक रेषा, कपडे धुवायच्या फळीसारख्या, आणि मोटर व्हीएफडीवर, तर शाफ्टमधून करंट जातोय.

मग आतल्या रिंगचं भोक बघ. आरशासारखं चकचकीत किंवा तांबूस असेल तर रिंग शाफ्टवर सरकतेय. शाफ्ट मोज: के६ फिटला (शाफ्टच्या घट्ट बसण्याच्या मापाला) २५.००२ ते २५.०१५ मिमी हवा. ०.०१ चा मायक्रोमीटर अंदाज देईल, ठरवायला ०.००१ चा क्वालिटीकडून आण. शाफ्टवर सेंटर पंचाचे ठिपके दिसले तर कोणीतरी आधीच जुगाड करून ठेवलाय. ते ठिपके आठवड्यात दबतात आणि बेअरिंग पुन्हा सैल. शाफ्ट बदलायचा किंवा मेटल चढवून ग्राइंड करून घ्यायचा.

पट्ट्यांचंही तपासून टाक. दोन्ही पुलींच्या तोंडाला दोरी ताणून धर, चारही ठिकाणी टेकली पाहिजे. दोन्ही पट्टे एकाच वेळी, जोडीनेच बदलायचे. एक जुना एक नवा लावला की सगळा भार नव्यावर. ताण किती, तर दोन पुलींमधल्या एक मीटर अंतराला मधोमध दाबून साधारण १६ मिमी खाली जावा, दाबायचा जोर पट्ट्याच्या तक्त्यातून. नवा पट्टा पहिल्या दिवशी सैल पडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताणायचा.

एकच अडचण आहे. तुझं बेअरिंग हाउसिंगमध्ये कसं बसलं होतं ते आता सांगता येणार नाही, त्यामुळे बाहेरच्या रिंगची वाट पट्ट्याच्या ओढीच्या बाजूला होती की दुसरीकडे, हे कळणार नाही. पुढच्या वेळी काढण्याआधी पेंट मार्करने बाहेरच्या रिंगवर वरच्या बाजूला एक रेघ आणि पुलीकडच्या तोंडावर 'पु' लिहून ठेव. स्लिपवर 'बेअरिंग फेल' च्या खाली वाट कुठे होती तेही लिही.